मुहम्मद अली गेला तेव्हा आपण नेमका कोणाचा दुखवटा पाळला?

जुनापेपर

दर ३ जूनला, मुष्टियोद्धा मुहम्मद अलीच्या स्मृतिदिनी, माझ्या फोनवर त्याची तीच दोनचार वाक्यं फिरत येतात. फुलपाखरासारखं तरंगायचं, मधमाशीसारखं डसायचं, 'मीच सर्वश्रेष्ठ'. खाली जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल. पाठवणारी माणसं मनापासून पाठवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याला त्याच्याच देशाने, अमेरिकेने, एकेकाळी वाळीत टाकलं, तो २०१६ साली गेला तेव्हा तोच देश एका सुरात हळहळला, ही गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

ज्यांना तो काळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २८ एप्रिल १९६७, ह्यूस्टनचं सैन्यभरती केंद्र. नाव पुकारलं की एक पाऊल पुढे यायचं, एवढाच विधी. अलीचं नाव पुकारलं गेलं आणि तो जागचा हलला नाही. व्हिएतनामच्या युद्धात जायला त्याने धर्माच्या आधारावर नकार दिला. जगज्जेतेपद गेलं, परवाना गेला, पासपोर्ट गेला. जूनमध्ये ५ वर्षं कैद आणि १०,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील चालू होतं म्हणून तो गजाआड गेला नाही, पण पंचविशी ते अठ्ठाविशी हे मुष्टियोद्ध्याचं ऐन वय रिंगबाहेर गेलं. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली ती थेट २८ जून १९७१ला.

मग २०१६. माजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन व्यासपीठावर, ओबामांचं पत्र वाचून दाखवलेलं, झेंडे अर्ध्यावर. माझं मत स्पष्ट सांगतो. बोलणारा अली त्या समाजाला सोसला नव्हता. आजाराने त्याचा आवाज नेल्यावर तो सगळ्यांना सोपा झाला. लोकांनी त्याला माफ केलं, पण त्याने माफी मागितली होती कुठे?

म्हणून विचारतो. असा सार्वजनिक दुखवटा म्हणजे स्मरण की सारवासारव?

तालमीतला

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळचा सराव आटोपला की सविस्तर लिहितो.

अबोली

काका, 'सोपा झाला' हे मला पटलं नाही.

माझ्या बाबांनाही अलीसारखाच पार्किन्सन्स होता. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टाशिवाय दारातसुद्धा न जाणारे. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी लग्नकार्यं बंद केली. पंगतीत वाटी कलंडेल, लोक बघतील. आम्ही समजावून थकलो. मग एकदा टीव्हीवर १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकची चित्रफीत लागली. जलतरणपटू जॅनेट एव्हान्सकडून ज्योत घेऊन अली उभा आहे, हात सतत हलतोय, सगळं जग बघतंय. बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि ते संपेपर्यंत हलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, 'याला कोणी घरी बस म्हटलं नाही का?' आई म्हणाली, 'म्हटलं असेल, त्याने ऐकलं नाही.' त्यानंतर बाबा आमच्याबरोबर बाहेर यायला लागले.

तो माणूस तेव्हाही कोणाचं ऐकत नव्हताच. तोंडाने बोलता येत नव्हतं म्हणून तो गप्प होता असं नाही.

वरणभात

अबोली, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. अख्ख्या धाग्याचं उत्तर त्यांनी एका वाक्यात दिलं. आता बाकीच्यांनी जेवायला जायला हरकत नाही.

केंटकीकर

हा धागा माझ्या गावाचा आहे, म्हणून लांबड लावतो. मी केंटकीत लुईव्हिलला, अलीच्या जन्मगावी, राहतो आणि त्या आठवड्यात इथेच होतो.

आधी एक गोष्ट. ते अंत्यविधी कोणा सरकारने किंवा दूरचित्रवाणीवाल्यांनी रचलेले नव्हते. अली आणि लॉनी, त्याची पत्नी, यांनी कित्येक वर्षं आधीपासून सगळं लिहून ठेवलं होतं. कोण बोलेल, कोणत्या धर्मांची माणसं असतील, गाड्या कुठल्या रस्त्याने जातील. सामान्य माणसाला आत येता आलं पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. त्यामुळे 'त्यांनी अलीला धुऊन पुसून घेतलं' असं म्हणताना हे लक्षात घ्या की आराखडा त्याचाच होता.

९ जून, गुरुवार. फ्रीडम हॉलमध्ये जनाजाची नमाज. १९६१ साली अली आपल्या गावातली शेवटची लढत याच सभागृहात लढला होता. मी गेलो ते माझ्या रत्नागिरीकडच्या सहकाऱ्यामुळे. रमजान नुकताच लागला होता, त्याचा रोजा होता. हजारो माणसं होती. आफ्रिकी, बंगाली, तुर्की, अरबी आणि इथले कृष्णवर्णीय ख्रिश्चनही, आपल्या शेजाऱ्याला निरोप द्यायला आलेले. काळ्या-सोनेरी कापडाखाली पेटी. इमाम झैद शाकिर यांनी नमाज पढवली. जनाजाच्या नमाजेत रुकू (कमरेतून वाकणं) नाही, सजदा (जमिनीवर माथा टेकणं) नाही, उभ्याउभ्या चार तकबीर, म्हणजे 'अल्लाहु अकबर'. काही मिनिटांत आटोपतं. माझा मित्र बाहेर येऊन म्हणाला, 'आमच्या गावात कोणी वारलं तरी एवढंच असतं. जगज्जेत्यालाही एवढंच.'

त्या काळातली अमेरिका आठवा. निवडणुकीचं वर्ष, मुसलमानांना देशात येऊ द्यायचं की नाही यावर जाहीर वाद चाललेले. अशा वेळी एका अमेरिकी माणसाचा जनाजा सगळ्या देशाने थेट प्रक्षेपणात पाहिला. जुनापेपर, यात सारवासारव कुठे आहे ते मला दाखवा.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मिरवणूक. मिरवणूक म्हणू की अंत्ययात्रा, तिथे उभं असताना दोन्ही एकदमच वाटत होतं. मी ब्रॉडवेवर उभा होतो. सकाळपासून लोक घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, लेकरंबाळं घेऊन आलेले. गाड्यांना उशीर झाला, ऊन चढलं, कोणी हललं नाही. ग्रँड अव्हेन्यूवरचं त्याचं बालपणीचं घर, त्याच्या नावाचा रस्ता, त्याच्या नावाचं केंद्र असं करत गाड्या गावभर फिरल्या. अंदाजे लाखभर माणसं रस्त्यावर होती. 'अली! अली!' असा घोष चालला होता. शववाहिनीवर फुलं पडत होती, माणसं धावत जाऊन काचेला हात लावत होती, पोलीस ढकलत नव्हते. पोरं कडेला मुठी आवळून हवेत ठोसे मारत होती. नंतर केव्ह हिल दफनभूमीत फक्त घरच्यांच्या उपस्थितीत दफन झालं. विल स्मिथ, लेनॉक्स लुइस, माइक टायसन हे खांदेकऱ्यांत होते.

दुपारी मोठ्या क्रीडागृहात सभा. तिकिटं फुकट होती आणि तासाभरात संपली. काहींनी ती चढ्या भावाने विकायचा प्रयत्न केला, तेव्हा गाव फार चिडलं. मी सभा घरी टीव्हीवर पाहिली.

सडेतोड

केंटकीकर, वर्णन वाचताना अंगावर काटा आला. पण तुम्ही दाखवायला सांगितलंत, म्हणून दाखवतो. जो फ्रेझिअर, रिंगमधला अलीचा मोठा प्रतिस्पर्धी.

बंदीच्या काळात अलीकडे पैसे नव्हते तेव्हा फ्रेझिअरने त्याला मदत केली. परवाना परत मिळावा म्हणून त्याच्या बाजूने शब्द टाकला. आणि ८ मार्च १९७१ची लढत ठरल्यावर अलीने त्याच माणसाला गोऱ्यांचा हुजऱ्या म्हटलं. दक्षिण कॅरोलिनात शेतमजुराच्या घरात जन्मलेल्या, कत्तलखान्यात राबलेल्या फ्रेझिअरला! १९७५च्या मनिलाच्या लढतीआधी तर गोरिला म्हणत, रबरी गोरिला खिशातून काढून त्यावर ठोसे मारत, पत्रकारांना हसवत फिरला. फ्रेझिअरच्या पोरांना शाळेत ऐकून घ्यावं लागलं. ती लढत चौदाव्या फेरीनंतर एडी फच या त्याच्या प्रशिक्षकाने थांबवली, कारण फ्रेझिअरला दिसत नव्हतं. फ्रेझिअर मात्र उठायलाच निघाला होता.

७ नोव्हेंबर २०११ला फ्रेझिअर यकृताच्या कर्करोगाने गेला. फिलाडेल्फिया त्याचं गाव. त्या गावात चित्रपटातल्या काल्पनिक मुष्टियोद्ध्याचा पुतळा कित्येक वर्षं दिमाखात उभा होता, आणि हाडामांसाच्या फ्रेझिअरचा पुतळा उभा राहिला २०१५ साली. तो गेल्यावर चार वर्षांनी.

जुनापेपर म्हणतात त्याने माफी मागितली कुठे. व्हिएतनामसाठी नाही मागितली आणि मागायचं कारणही नव्हतं. फ्रेझिअरची मात्र २००१ साली वर्तमानपत्रातून मागितली. फ्रेझिअरला ती थेट तोंडावर हवी होती. एका माणसासाठी लाखभर लोक रस्त्यावर आणि दुसऱ्याला पुतळ्याचीही वाट बघावी लागली, तेव्हा दुखवट्याच्या मापात खोट आहे एवढं तरी मान्य करा.

जुनापेपर

सडेतोड, फ्रेझिअरच्या अंत्यविधीला अली गेला होता, हेही नोंदवायला हवं. फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये नागरी हक्क चळवळीतले पाद्री जेसी जॅक्सन यांनी सगळ्यांना उठून जोसाठी टाळ्या वाजवायला सांगितलं, तेव्हा अली आधार घेत उभा राहिला आणि टाळ्या वाजवल्या. तेव्हा त्याला चालणंही कठीण होतं. तोंडावर मागायची ती माफी ही होती का, हे फ्रेझिअरच सांगू शकला असता.

शमिका

मोठ्ठा धागा. वाचते आहे. एक शंका, अलीच्या बायकांबद्दल कोणी काही लिहिणार आहे का?

निळी शाई

सडेतोडांच्या मुद्द्याला उत्तर नाही, वेगळी बाजू मांडते.

आमच्या घरात अलीचं चित्र होतं. वडील नागपूरचे, १९५६च्या १४ ऑक्टोबरला आजीच्या कडेवर दीक्षाभूमीवर गेलेले. त्यांना मुष्टियुद्धातलं काही कळत नसे. पण १९६४ साली एका २२ वर्षांच्या पोराने सनी लिस्टनला हरवून जगज्जेतेपद मिळवलं, आणि लगेच सांगितलं की गुलामांच्या मालकाच्या घराण्यातून आलेलं 'कॅशियस क्ले' हे नाव मी टाकतो आहे, धर्मही माझा मी निवडला आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. वर्तमानपत्रं पुढे कित्येक वर्षं त्याला 'क्ले'च छापत राहिली. १९६७ साली एर्नी टेरेलने लढतीआधी जुन्या नावाने हाक मारली, तर अली रिंगमध्ये ठोशागणिक त्याला विचारत होता, 'माझं नाव काय?' वडील हा प्रसंग सांगताना उठून उभे राहत. १९७२ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे बघत. त्या पोरांनाही अली माहीत होता, असं वडील सांगायचे.

आता दुखवट्याबद्दल. जुनापेपर विचारतात, स्मरण की सारवासारव. मी दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाते. लाखो माणसं रांगेत असतात. पण शिवाजी पार्कात पुस्तकांची दुकानं लागतात आणि खेड्यातून आलेली बाई पिशवीत शेवचिवड्याबरोबर पुस्तक घेऊन परत जाते. माणूस गेल्यावर त्याचं म्हणणं लोकांच्या हातात पडत असेल तर गर्दी कितीही मोठी असो, ती स्मरणाचीच आहे. लुईव्हिलच्या गर्दीच्या हातात काय पडलं, ते केंटकीकरांनी सांगावं.

स्टेथोस्कोप

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. अलीच्या आजाराचं निदान १९८४ साली झालं, वय ४२. डोक्याला वारंवार मार बसणाऱ्यांत पार्किन्सन्सचा धोका वाढतो, हे आता मान्य आहे. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी यात मरत जातात. एखाद्या रुग्णाबाबत 'हे ठोशांमुळेच' असं छातीठोक सांगणं अवघड असतं, कारण हा आजार कधीही मार न खाल्लेल्यांनाही होतो. पण अलीने कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांत खाल्लेला मार बघितला तर संशयाला जागा भरपूर आहे.

त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको १९७७ साली त्याला सोडून गेले. मूत्रपिंडं खराब होत आहेत, आता थांबवा, असं त्यांनी संबंधितांना लिहून कळवलं होतं. कोणी दखल घेतली नाही. २ ऑक्टोबर १९८०ला, ३८ वर्षांचा असताना, त्याला लॅरी होम्ससमोर उभं केलं. होम्स एकेकाळी त्याचाच सरावातला जोडीदार. तो पंचांकडे बघत होता की लढत थांबवा. आणि एवढ्यावर भागलं नाही, ११ डिसेंबर १९८१ला बहामामध्ये ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध आणखी एक लढत.

त्या लढतींची तिकिटं काढणारे, प्रक्षेपणाचे पैसे घेणारे, सगळे २०१६च्या दुखवट्यात सामील होते. मला त्या दिवसांत हा हिशेब मांडलेला फार कमी दिसला. तो स्कॉट्सडेलच्या रुग्णालयात श्वसनाच्या त्रासासाठी दाखल झाला आणि सेप्टिक शॉकने गेला. वय ७४. जंतुसंसर्गाने गेला हे खरं, पण त्याआधीची तीसेक वर्षं त्याचं शरीर ज्याची किंमत मोजत होतं, ती करमणूक आपली होती.

ठोसा_१९

सर मी १९ वर्षांचा आहे, बॉक्सिंग करतो, ६३ किलोत. तुमचं वाचून घरी दाखवू नये असं वाटतंय 🙂 आई आधीच नको म्हणते. आम्ही ३ मिनिटांच्या ३ फेऱ्या खेळतो. तरी एवढा धोका असतो का?

स्टेथोस्कोप

ठोसा, १५ फेऱ्यांच्या व्यावसायिक लढतींपेक्षा तुझा धोका बराच कमी आहे, शून्य नाही. सरावात डोक्यावर जोरदार ठोसे खाऊ नकोस, बहुतेक नुकसान सामन्यापेक्षा सरावात होतं. चक्कर आली, डोकं दुखत राहिलं, तर प्रशिक्षकाला सांगायचं आणि पूर्ण बरं होईपर्यंत रिंगमध्ये उतरायचं नाही. आणि हे आईला जरूर दाखव.

तालमीतला

आलो. डॉक्टरसाहेबांचं शेवटचं वाक्य आमच्या तालमीच्या भिंतीवर लिहून लावणार आहे.

मी कोल्हापूरचा, कुस्तीतला माणूस. अलीची कैफियत वाचताना मला आपले खाशाबा आठवतात. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. परत आल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग पोलीस खात्यात नोकरी आणि पुढे पेन्शनसाठी हेलपाटे. १४ ऑगस्ट १९८४ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, शतक संपता संपता. पद्म पुरस्कार नाहीच. आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन केलाय. चांगलं झालं, मनापासून सांगतो. पण माणूस हयात असताना त्याच्या दारात जाऊन विचारायचं असतं, 'बाबा, कसं चाललंय?'

सडेतोड म्हणतात दुखवट्याच्या मापात खोट आहे. आहेच. माझं म्हणणं, जिवंतपणीच्या मापातली खोट जास्त वाईट. कौरसिंग बघा. २७ जानेवारी १९८०ला दिल्लीत अलीसमोर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळलेला आपला हेवीवेट, १९८२च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. म्हातारपणी हृदयाच्या उपचारांसाठी कर्ज काढायची पाळी आली. बातमी झाल्यावर लष्कर मदतीला धावलं. २०२३ला गेला. अली गेला तेव्हा आपल्याकडे ठिकठिकाणी मेणबत्त्या लावल्या. कौरसिंग गेला हे इथल्या किती जणांना ठाऊक होतं?

भटकभवानी

अवांतर: त्या १९८०च्या भारतभेटीतच अलीला अमेरिकी सरकारने गाठलं. मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घाला असं आफ्रिकी देशांना पटवायला त्याला इथून थेट टांझानियाला पाठवलं. तिथे राष्ट्राध्यक्ष न्यरेरे यांनी त्याची भेटच घेतली नाही, आणि पत्रकारांनी असे प्रश्न विचारले की अलीलाही आपण कशासाठी आलो याचा फेरविचार करावा लागला. ज्या सरकारला १९६७ला नाही म्हटलं, त्याचाच दूत म्हणून जाणं. हा भाग श्रद्धांजलीच्या लेखांत क्वचित दिसतो. माझ्या लेखी त्याने अली लहान होत नाही. माणूस होतो.

गल्लीबोळ

ढाक्यात त्याच्या नावाचं बॉक्सिंग स्टेडियम आहे, १९७८च्या भेटीपासून. बांगलादेशाने नागरिकत्वही दिलं होतं. कामानिमित्त जात असे तेव्हा रिक्षावाला अभिमानाने दाखवायचा.

शमिका

माझ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून मीच लिहिते.

चार लग्नं. १९७५ साली मनिलाला गेला तेव्हाची गोष्ट. तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या भेटीत व्हेरॉनिका पोर्शे ही आपली बायको आहे असा समज होऊ दिला, आणि लग्नाची बायको बेलिंडा अमेरिकेत बातमी वाचत होती. ती विमानाने तिथे पोहोचली, भांडली आणि परतीच्या विमानाने निघून गेली. बंदीच्या वर्षांत, पैसे नसताना, घर सांभाळलं ते याच बेलिंडाने. शौर्याच्या यादीत तिचं नाव घालायला कोणाला सुचत नाही.

आणि माल्कम एक्स, कृष्णवर्णीयांचा नेता. ज्याने अलीला लिस्टनच्या लढतीआधी धीर दिला, त्याच्याकडे अलीने मे १९६४मध्ये घानात पाठ फिरवली, कारण दोघांची जी संघटना, 'नेशन ऑफ इस्लाम', तिच्यातून माल्कम बाहेर पडला होता. पुढच्या फेब्रुवारीत माल्कमची हत्या झाली. आयुष्यातल्या ज्या चुकांचा पश्चात्ताप वाटतो त्यांत ही एक, असं अलीने पुढे लिहिलं.

पण म्हणूनच लुईव्हिलच्या सभेत मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते माल्कमची मुलगी अत्तल्ला शबाझ हिचं भाषण. क्लिंटन, विनोदी अभिनेता बिली क्रिस्टल यांची भाषणं लोक अजून ऐकतात. क्रिस्टलने अलीचा आवाज काढून लोकांना हसवलं तेही गोड होतं. पण अत्तल्ला रडवेल्या आवाजात बोलत होती, तिच्या बापाला दुखावलेल्या माणसाबद्दल, मायेने. तिला तिथे बोलवायचं हे आधीच ठरलेलं होतं. जुनापेपर काका, स्वतःच्या दुखवट्यात आपली चूक उभी करणाऱ्या माणसावर सारवासारवीचा आरोप मी करणार नाही.

सडेतोड

शमिका, हा मुद्दा मान्य. फ्रेझिअरवरचं माझं म्हणणं कायम, पण हा मान्य.

केंटकीकर

निळी शाई ताईंनी विचारलं की गर्दीच्या हातात काय पडलं. प्रामाणिक उत्तर देतो, दोन्ही बाजूंचं.

लॉनीने सभेत सायकलची गोष्ट सांगितली. १२ वर्षांच्या मुलाची सायकल चोरीला गेली, तो रडत तक्रार करायला गेला, चोराला बडवीन म्हणाला. समोरचा पोलीस जो मार्टिन तळघरात मुलांना मुष्टियुद्ध शिकवायचा. तो म्हणाला, आधी लढायला शीक. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण २०१६ साली, पोलिसांच्या गोळ्यांनी कृष्णवर्णीय मुलं मरत असताना, तिने ती पोलीस आणि वस्तीतलं पोर एकमेकांशी बोलले तर काय घडू शकतं म्हणून सांगितली. रब्बी मायकल लर्नर तर थेट राजकारणावर बोलले, ड्रोनहल्ल्यांपासून पॅलेस्टाइनपर्यंत, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती सभा कोणाला खूश ठेवायला भरवलेली नव्हती.

आता दुसरी बाजू. ग्रँड अव्हेन्यूवरचं ते गुलाबी घर पूर्वीसारखं दुरुस्त करून मे २०१६मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं होतं. पुढच्याच महिन्यात त्याच्यासमोरून अंत्ययात्रा गेली, फुलांचा खच पडला. दोन वर्षांच्या आत ते पैशाअभावी बंद पडलं आणि २०२४ला विक्रीला निघालं. विमानतळाला २०१९पासून त्याचं नाव आहे. पण विमानतळाला नाव देणं सोपं असतं. ते घर गावाच्या पश्चिम भागात आहे, जिथे गोऱ्या वस्तीतली माणसं एरवी फिरकत नाहीत. त्या एका शुक्रवारी सगळं गाव तिकडे गेलं, आणि नंतर पुन्हा जाईना.

वरणभात

हे वाचून फार वाईट वाटलं. गोळेश्वरला खाशाबांचं घर आहे, कराडला जाताना वाट वाकडी करून बघून या. मी या सुट्टीत मुलांना नेणार.

जुनापेपर

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

केंटकीकर आणि शमिका यांच्यामुळे एक गोष्ट पटली. लुईव्हिलमध्ये जे झालं ते सारवण नव्हतं. अलीने जनाजा जनाजाच ठेवला, माल्कमच्या मुलीला बोलावलं, राजकारण बोलणाऱ्याला माइक दिला. गुळगुळीत झालं ते नंतर, आपल्याकडे. त्या सभेतलं अवघड ते गाळून फुलपाखरू आणि मधमाशी एवढंच पुढे पाठवणाऱ्या आपल्या फोनांत. आजारी अलीला पाहून जगाला दया आली आणि म्हणून तो स्वीकारला गेला, या मतावर मात्र मी ठाम आहे. अबोलीच्या बाबांना त्यात हिंमत दिसली हे खरंच, पण कित्येकांना फक्त दया दिसली.

म्हणून यापुढे ३ जूनच्या फुलांना मी फुलं पाठवणार नाही. २८ एप्रिलला त्या भरती केंद्राची गोष्ट पाठवीन, लांबलचक, न कापता. ज्यांना वाचायची ते वाचतील.

तालमीतला

मला यादीत घ्या. तालमीतल्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवतो.

निळी शाई

१९७१चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मराठीत कुठे वाचायला मिळेल का? गोष्टीबरोबर तोही जावा असं वाटतं.

सडेतोड

मराठीत माझ्या पाहण्यात नाही. मी वकिली करतो, तेव्हा आशय सांगतो. युद्धाला सदसद्विवेकाने विरोध मान्य व्हायला तीन कसोट्या होत्या. विरोध सगळ्याच युद्धांना हवा, धार्मिक श्रद्धेतून हवा आणि प्रामाणिक हवा. अपील मंडळाने अर्ज फेटाळताना यातल्या कोणत्या कसोटीला तो उतरला नाही हे सांगितलंच नव्हतं. पुढे खुद्द सरकारनेच न्यायालयात मान्य केलं की श्रद्धा धार्मिक आणि प्रामाणिक होती. मग फेटाळणं नेमकं कशावर उभं आहे हे कळायला मार्ग नाही, म्हणून शिक्षा रद्द. ८ विरुद्ध ०. न्यायमूर्ती थरगुड मार्शल या निकालात सहभागी नव्हते. म्हणजे न्यायालयाने अलीचं म्हणणं डोक्यावर घेतलं असं नाही, अरुंद फटीतून सोडवलं. हेही लोकांना कळायला हवं.

निळी शाई

मग मी भाषांतर करायला घेते. कायद्याची भाषा तुम्ही तपासून द्याल का?

सडेतोड

देतो. पानं होतील तशी पाठवत जा.

ठोसा_१९

ताई मला पण पाठवा. आईने धागा वाचला. शनिवारी प्रशिक्षकांना भेटायला येतो म्हणाली.